अवलंबन व्यवस्थापक, जालपृष्ठांचे

जालपृष्ठाच्या दर्शनी बाजूस लागणाऱ्या, इतरांनी लिहून ठेवलेल्या फायली योग्य त्या आवृत्तीत शोधून, त्या ज्या अन्य फायलींवर विसंबून असतात त्यांसह आणून प्रकल्पाच्या ठरावीक कप्प्यात बसविणाऱ्या संगणकीय साधनास अवलंबन व्यवस्थापक असे म्हणतात. जालपृष्ठाची दर्शनी बाजू म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये प्रत्यक्ष उमटणारा व चालणारा भाग होय. मजकुराची रचना सांगणारी एचटीएमएल, रूप ठरविणारी सीएसएस व पृष्ठास हालचाल देणारी जावास्क्रिप्ट अशा तीन प्रकारच्या फायली त्यात प्रामुख्याने असतात. त्यांखेरीज टंक, चिन्हे, चित्रे इत्यादींच्या फायलीही असतात. पुनःपुन्हा लागणारे काम एकदाच नीट लिहून इतरांच्या उपयोगासाठी ठेवलेल्या फायलींच्या संचास लायब्ररी ही संज्ञा आहे. एखादी आज्ञावली ज्या लायब्रऱ्यांवाचून चालू शकत नाही, त्या तिची अवलंबने होत.

एनपीएम (२०१०), बाउअर (२०१२) व यार्न (२०१६) ही या वर्गातील प्रमुख साधने होत. त्यांचा इतिहास हा केवळ एका साधनाने दुसऱ्यास मागे टाकल्याचा इतिहास नाही. कोणती फाइल हवी, तिची कोणती आवृत्ती हवी, सर्वांना तीच प्रत मिळते का आणि ती देणाऱ्यावर कितपत विश्वास ठेवावा, असे चार प्रश्न या क्षेत्रात क्रमाने पुढे आले. प्रत्येक साधनाने आधीच्या प्रश्नाचे उत्तर देताना पुढचा प्रश्न उघडा केला.

पूर्वपीठिका : दुसऱ्याने लिहिलेला आज्ञांचा भाग आपल्या आज्ञावलीत उचलून घेण्याची प्रथा आधुनिक संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम चालला. मॉरिस विल्क्स (१९१३–२०१०), डेव्हिड व्हीलर (१९२७–२००४) व स्टॅन्ली गिल (१९२६–७५) यांनी त्याच्या आज्ञावली तयार करण्याच्या पद्धतीविषयी लिहिलेला ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार लागणाऱ्या गणनांचे उपकार्यक्रम छिद्रित कागदी फितींवर तयार करून त्या फिती एका कपाटात लावून ठेवलेल्या असत. ज्यास गरज पडे तो हवी ती फीत काढून यंत्राच्या साहाय्याने तिची नक्कल आपल्या फितीत उतरवून घेई. कपाट एक, संगणक एक व वापरणारे थोडे असल्यामुळे कोणाची फीत कोणत्या फितीवर अवलंबून आहे, याची नोंद ठेवणे अवघड नव्हते.

संगणकांची व आज्ञावलींची संख्या वाढली, तशी ही नोंद डोक्यात ठेवणे अशक्य झाले. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेत स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये मेक ही आज्ञावली तयार केली. कोणती फाइल कोणत्या फायलींपासून बनते हे एका यादीत लिहून ठेवावयाचे व त्यांपैकी एखादी बदलली, तर तेवढ्यापुरतेच काम पुन्हा करावयाचे, ही तिची पद्धत होती. अवलंबने लेखी स्वरूपात जाहीर करण्याची सवय तिच्यामुळे रुळली. दूरच्या संगणकावरून फायली आणण्याची जोड पुढे इंटरनेटमुळे मिळाली. पर्ल भाषेतील लायब्रऱ्यांचे सीपॅन हे भांडार १९९५ मध्ये खुले झाले. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स वितरणात प्रत्येक पॅकेज, त्याची आवृत्ती व त्याची अवलंबने यांची काटेकोर नोंद ठेवण्याची पद्धत विकसित झाली आणि एपीटी या साधनामुळे एका आदेशासरशी ती सर्व आणून बसविता येऊ लागली. रूबी भाषेसाठी रूबीजेम्स हे साधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. या सर्व साधनांचे कार्यक्षेत्र मात्र सर्व्हर अथवा वैयक्तिक संगणक हे होते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फायलींची व्यवस्था त्यांच्या कक्षेबाहेर राहिली.

हाताने नक्कल करण्याचा काळ : टिम बर्नर्स-ली (१९५५– ) यांनी सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये मांडलेली विश्वव्यापी जालाची कल्पना १९९०–९१ मध्ये प्रत्यक्षात आली. आरंभीची पृष्ठे केवळ मजकुराची असल्यामुळे त्यांना लायब्रऱ्यांची गरज नव्हती. नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक (१९६१– ) यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्ट भाषेचे पहिले रूप सिद्ध केले. पृष्ठावरील लहानसहान कामांसाठी योजलेल्या या भाषेत एका फायलीने दुसरी फाइल मागवून घेण्याची सोयच नव्हती. शिवाय सर्व फायलींतील सामाईक नावे एकाच जागेत पडत. दोन लेखकांनी एकच नाव वापरले, तर मागून आलेले आधीचे पुसून टाकी. भाषेच्या या दोन उणिवांनी पुढील वीस वर्षांच्या इतिहासाची दिशा ठरविली.

निरनिराळ्या कंपन्यांचे ब्राउझर एकच आज्ञा निरनिराळ्या रीतीने पाळीत असल्यामुळे त्यांतील भेद झाकणाऱ्या लायब्रऱ्यांची निकड २००० नंतर भासू लागली. प्रोटोटाइप (२००५) व जॉन रेसिग यांची जेक्वेरी (२००६) या त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होत. लायब्ररी मिळविण्याची रीत मात्र एडसॅकच्या काळातील फितीसारखीच होती. लायब्ररीच्या संकेतस्थळावर जावयाचे, फाइल उतरवून घ्यावयाची, ती आपल्या कप्प्यात ठेवावयाची आणि पृष्ठाच्या एचटीएमएलमध्ये तिचा उल्लेख करणारी ओळ लिहावयाची, असा हा क्रम असे. जेक्वेरीवर आधारलेली जोड-फाइल जेक्वेरीच्या आधी उल्लेखिली गेली, तर पृष्ठ बंद पडे. ट्विटर कंपनीतील मार्क ऑटो व जेकब थॉर्नटन यांनी ऑगस्ट २०११ मध्ये खुल्या केलेल्या बूटस्ट्रॅप या लायब्ररीतील जावास्क्रिप्टचे भाग जेक्वेरीवर विसंबून होते. तेव्हा बूटस्ट्रॅप घेणाऱ्यास जेक्वेरीही, आणि तीही जुळणाऱ्या आवृत्तीची, शोधून आणावी लागे.

या रीतीत तीन दोष होते. आणलेली फाइल कोठून व केव्हा आली, याची नोंद राहत नसे. मूळ लेखकाने दोष दुरुस्त केला, तरी नक्कल केलेल्या असंख्य प्रतींपर्यंत ती दुरुस्ती आपोआप पोहोचत नसे. तिसरे म्हणजे वापरणाऱ्याने आपल्या प्रतीत काही फेरफार केला असल्यास नवी प्रत बसविताना तो नष्ट होई व हे ध्यानात येईपर्यंत बराच काळ लोटे.

यांवर एक उपाय म्हणून फाइल आपल्याकडे न ठेवता ती आशय-वितरण जालावरून, म्हणजे जगभर पसरलेल्या दुसऱ्याच्या सर्व्हरांवरून, थेट वाचकाच्या ब्राउझरला पुरविण्याची पद्धत निघाली. गूगल कंपनीने मे २००८ मध्ये प्रचलित जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांसाठी अशी विनामूल्य सेवा सुरू केली. एका संकेतस्थळासाठी आणलेली प्रत ब्राउझरच्या साठ्यात राहून दुसऱ्या संकेतस्थळासही उपयोगी पडेल, हा तिचा एक लाभ सांगितला जाई. वाचकाच्या खासगीपणाच्या रक्षणासाठी प्रमुख ब्राउझरांनी पुढे प्रत्येक संकेतस्थळाचा साठा वेगळा ठेवण्यास प्रारंभ केला. क्रोममध्ये २०२० साली व फायरफॉक्समध्ये २०२१ साली हा बदल झाल्यानंतर तो लाभ उरला नाही.

नोड व एनपीएम : रायन डाल यांनी २००९ मध्ये तयार केलेल्या नोड या साधनामुळे जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर, सर्व्हरवरही चालू लागली. एका फायलीने दुसरीस नावाने बोलाविण्याची कॉमनजेएस ही पद्धतीही त्याच वर्षी आकारास आली आणि नोडने ती स्वीकारली. आयझॅक श्लूटर यांनी नोडसाठी रचलेला एनपीएम हा व्यवस्थापक जानेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

एनपीएममध्ये प्रत्येक पॅकेजाच्या पोटात त्याच्या अवलंबनांचा स्वतंत्र कप्पा असे व त्या अवलंबनांच्या पोटात त्यांच्या अवलंबनांचा. त्यामुळे दोन पॅकेजांना एकाच लायब्ररीच्या भिन्न आवृत्त्या हव्या असल्यास दोन्ही गुण्यागोविंदाने नांदत. सर्व्हरवर चकतीची जागा स्वस्त असल्यामुळे ही उधळपट्टी परवडे. ब्राउझरची स्थिती वेगळी होती. तेथे प्रत्येक जादा प्रत जालावरून वाहून न्यावी लागते व तिच्या उतरण्याचा वेळ वाचकास सोसावा लागतो. शिवाय सामाईक नावांमुळे जेक्वेरीच्या दोन प्रती एका पृष्ठावर सुखाने राहू शकत नसत. म्हणून दर्शनी बाजूसाठी निराळ्या व्यवस्थापकाची गरज आहे, असा विचार पुढे आला.

बाउअर : ट्विटर कंपनीतील जेकब थॉर्नटन व अलेक्स मॅकॉ यांनी तयार केलेला बाउअर हा व्यवस्थापक सप्टेंबर २०१२ मध्ये खुला झाला. ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी येथील बाउअर पक्ष्यांचे नर काटक्यांचा मांडव रचून तो गोळा केलेल्या रंगीत वस्तूंनी सजवितात. निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेल्या तुकड्यांवर पृष्ठ उभारणाऱ्या साधनास हे नाव शोभून दिसते.

बाउअरची कार्यपद्धती साधी होती. प्रकल्पाच्या मुळाशी बाउअर.जेसन नावाची एक फाइल असे. तीत प्रकल्पाचे नाव व त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची, चालतील त्या आवृत्त्यांसह, यादी असे. आज्ञापटलावर ‘बाउअर इन्स्टॉल’ या शब्दांपुढे लायब्ररीचे नाव लिहिले, की व्यवस्थापक मध्यवर्ती नोंदवहीत ते नाव शोधी. या नोंदवहीत फायली नसत. नाव व त्यापुढे त्या लायब्ररीच्या गिट-भांडाराचा पत्ता, एवढेच तीत असे. (गिट ही लिनस टॉरव्हल्ड्झ (१९६९– ) यांनी २००५ मध्ये तयार केलेली फायलींचे बदल नोंदविणारी प्रणाली असून लेखकांनी महत्त्वाच्या आवृत्त्यांवर लावलेल्या खुणा तीत जतन होतात.) त्या खुणा वाचून अटीत बसणारी आवृत्ती निवडली जाई, तिच्या बाउअर.जेसन फायलीतून तिची अवलंबने समजत व ती सर्व एकाच कप्प्यात शेजारीशेजारी ठेवली जात. बूटस्ट्रॅप मागितली असता जेक्वेरी न मागता येई. प्रकल्प दुसऱ्याच्या हाती देताना लायब्रऱ्यांच्या फायली द्याव्या लागत नसत. यादी दिली की पुरे होई.

सर्व अवलंबने एकाच पातळीवर व प्रत्येकाची एकच प्रत, हा बाउअरचा मुख्य नियम होता. दोन लायब्रऱ्यांनी तिसरीच्या विसंगत आवृत्त्या मागितल्या, तर बाउअर स्वतः निर्णय न घेता वापरणाऱ्यास विचारी व त्याने दिलेला निवाडा यादीत नोंदवून ठेवी. यामागे व्यवहारी कारण होते. अनेक पॅकेजांच्या अटी एकाच वेळी पाळणारा आवृत्त्यांचा संच शोधणे हे गणितीदृष्ट्या अवघड काम आहे; पॅकेजे व अटी वाढतील तसतशा तपासावयाच्या जुळण्या भराभर वाढत जातात. एनपीएमने जादा प्रती ठेवून हा पेच टाळला, तर बाउअरने तो माणसाकडे सोपविला.

बाउअरच्या मर्यादाही होत्या. तो फायली आणून ठेवी. त्या पृष्ठात योग्य क्रमाने उल्लेखिण्याचे काम त्याच्या कक्षेत येत नसे व त्यासाठी वेगळी साधने वापरावी लागत. लेखकाने वगळण्याची सूचना केली नसल्यास चाचण्या, नमुने वगैरे अनावश्यक फायलीही भांडारातून येत. भांडार मूळ पत्त्यावरून हलविले वा पुसले गेल्यास नोंदवहीतील नाव पोकळ ठरे. बाउअर स्वतः एनपीएममार्फत बसवावा लागे. त्यामुळे प्रकल्पात एक यादी बाउअरची व एक एनपीएमची, असे दुहेरी हिशेब ठेवावे लागत.

आवृत्तीक्रम : यादीतील अटी आवृत्तीच्या अंकांवर आधारलेल्या असतात. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी या अंकांना निश्चित अर्थ देणारी एक पद्धत मांडली. तीत आवृत्तीचे तीन अंक असतात. जुन्या वापरास बाध आणणारा बदल झाल्यास पहिला, बाध न आणणारी नवी सोय दिल्यास दुसरा व केवळ दोषदुरुस्ती केल्यास तिसरा अंक वाढवावयाचा. पहिला अंक तोच असेतोवर नवी आवृत्ती निर्धास्तपणे घ्यावी, अशी सूचना व्यवस्थापकास देता येते.

तथापि हा अंक म्हणजे लेखकाचे आश्वासन असते. ते पाळले जाईलच, अशी हमी कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. जेक्वेरीच्या जानेवारी २०१३ मधील १.९ या आवृत्तीतून पूर्वी त्याज्य ठरविलेल्या काही सोयी काढून टाकण्यात आल्या. पहिला अंक बदलला नसूनही त्या सोयींवर विसंबलेल्या फायली तिच्याबरोबर चालेनाशा झाल्या. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंकांनी दिले, परंतु ते उत्तर माणसाच्या शिस्तीवर उभे होते.

ऱ्हास व संक्रमण : बाउअर ज्या अडचणीतून जन्मला ती अडचणच काही वर्षांत ओसरली. ब्राउझरिफाय (२०११) व टोबियास कोपर्स यांचे वेबपॅक (२०१२) या गठ्ठा बांधणाऱ्या साधनांनी नोडसाठी लिहिलेली पॅकेजे ब्राउझरला समजेल अशा एका फायलीत गोवून देण्यास प्रारंभ केला. प्रत्येक पॅकेजाची नावे त्याच्यापुरती बंदिस्त राहू लागल्याने सामाईक जागेतील झटापट थांबली. फायलींचा क्रमही साधनच ठरवू लागले. २०१५ मध्ये एनपीएमच्या तिसऱ्या आवृत्तीने पोटात पोट असलेली रचना सोडून शक्य तेथवर सर्व पॅकेजे एका पातळीवर आणली आणि जेथे विसंगती असेल तेथेच जादा प्रत ठेवली. जुन्या रचनेतील लांबच लांब मार्गनावे विंडोज प्रणालीतील २६० अक्षरांची मर्यादा ओलांडीत. ती अडचणही त्यामुळे बरीच कमी झाली. त्याच वर्षी जावास्क्रिप्टच्या प्रमाण व्याख्येत एका फायलीने दुसरी मागविण्याची सोय अखेर समाविष्ट झाली.

अशा रीतीने दोन याद्या ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही. २०१७ मध्ये बाउअरच्या चालकांनी स्वतःच, बाउअरची देखभाल चालू असली तरी नव्या प्रकल्पांसाठी अन्य साधने वापरावीत, अशी शिफारस केली. बाउअरचा एकच प्रत ठेवण्याचा आग्रह मात्र त्याच्याबरोबर संपला नाही. एनपीएमच्या सपाट रचनेत तो सौम्य रूपाने टिकून राहिला.

कुलूप-फाइल : यादीत आवृत्तीची अट असते, नेमकी आवृत्ती नसते. म्हणून एकाच यादीवरून सोमवारी बसविलेला व शुक्रवारी बसविलेला प्रकल्प यांत फरक पडू शके. एकाच्या संगणकावर चालणारे पृष्ठ दुसऱ्याच्या संगणकावर का चालत नाही, याचा शोध घेण्यात मग पुष्कळ वेळ जाई. रूबी भाषेतील बंडलर या साधनात प्रत्यक्ष बसविलेल्या नेमक्या आवृत्त्या नोंदविणारी फाइल आधीपासून होती. फेसबुक, एक्स्पोनेंट, गूगल व टिल्डे या कंपन्यांतील अभियंत्यांनी तयार केलेल्या यार्न या व्यवस्थापकाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ती कल्पना जावास्क्रिप्टच्या जगात रूढ केली. एनपीएमच्या मे २०१७ मधील पाचव्या आवृत्तीतही अशी फाइल आपोआप तयार होऊ लागली. नेमकी आवृत्ती, तिचा पत्ता व तिच्या आशयाचा अंकीय ठसा या गोष्टी तीत असतात. आलेल्या फायलीचा ठसा नोंदलेल्या ठशाशी जुळला नाही, तर व्यवस्थापक ती नाकारतो. तिसऱ्या प्रश्नाचे हे उत्तर समाधानकारक ठरले. परंतु ठसा जुळला म्हणजे फाइल तीच आहे एवढेच सिद्ध होते. ती निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही.

विश्वासाचा प्रश्न : पॅकेज प्रसिद्ध करणे व बसविणे अत्यंत सुलभ झाल्यामुळे अगदी लहान कामांसाठीही पॅकेजे निघाली. गिटहबने एनपीएम ही कंपनी घेत असल्याचे मार्च २०२० मध्ये जाहीर केले, तेव्हा तिच्या नोंदवहीत सु. १३ लाख पॅकेजे होती व ती महिन्याला सु. ७,५०० कोटी वेळा उतरविली जात होती. यांपैकी असंख्य पॅकेजे एकेकट्या व्यक्तींनी फावल्या वेळात, मोबदल्याविना सांभाळलेली आहेत.

या रचनेचा नाजूकपणा २२ मार्च २०१६ रोजी प्रकट झाला. एका पॅकेजाच्या नावावरून झालेल्या वादात नोंदवहीच्या चालकांनी ते नाव एका कंपनीस दिले. तेव्हा त्याच्या लेखकाने आपली २५० हून अधिक पॅकेजे नोंदवहीतून काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे एक पॅकेज होते. अक्षरमालेच्या डाव्या बाजूस ठरावीक लांबी भरेपर्यंत रिकाम्या जागा वा शून्ये घालणे एवढेच त्याचे काम. परंतु बेबेलसारखी बहुप्रचलित साधने त्यावर, तीही इतर पॅकेजांमार्फत, अवलंबून होती. लेफ्ट-पॅडचे नावही न ऐकलेल्या असंख्य आज्ञावलीकारांची कामे त्यामुळे अडली. चालकांनी काही तासांतच ते पॅकेज पुन्हा उपलब्ध करून दिले. पुढे, इतर पॅकेजे ज्यावर अवलंबून आहेत असे पॅकेज ठरावीक मुदतीनंतर लेखकास एकट्याने काढून घेता येऊ नये, असा नियम करण्यात आला. जावास्क्रिप्टच्या २०१७ च्या प्रमाण व्याख्येत डावीकडे भर घालण्याची सोय भाषेतच आली, हे लक्षणीय आहे.

पुढील घटना अधिक गंभीर होत्या. इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजाच्या मूळ लेखकाने स्वतःस त्याचा उपयोग उरला नसल्याने ते मदतीस पुढे आलेल्या एका अनोळखी व्यक्तीकडे सोपविले. त्या व्यक्तीने सप्टेंबर २०१८ मध्ये त्यास एक नवे अवलंबन जोडले व त्यात एका विशिष्ट बिटकॉइन पाकीट-आज्ञावलीतील धन चोरण्याच्या आज्ञा दडविल्या. त्या नोव्हेंबरमध्ये उघडकीस आल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये यूए-पार्सर-जेएस या पॅकेजाच्या चालकाचे खाते बळकावून त्याच्या घातक आवृत्त्या प्रसिद्ध करण्यात आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डीबग इ. पॅकेजांच्या एका चालकास फसव्या पत्राने गाठून त्याच्या खात्यातून असेच करण्यात आले. त्याच महिन्यात चोरलेल्या परवलींच्या साहाय्याने एका पॅकेजातून दुसऱ्यात स्वतःच पसरणारी एक घातक आज्ञावली शेकडो पॅकेजांत शिरली.

व्यवस्थापक न वापरता थेट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फाइल घेणारेही यातून सुटले नाहीत. जुन्या ब्राउझरांतील उणिवा भरून काढणाऱ्या फायली पुरविणारे पॉलिफिल.आयओ हे संकेतस्थळ फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या मालकाकडे गेले व जूनमध्ये त्यावरून घातक आज्ञा पाठविल्या जात असल्याचे आढळले. त्याचा उल्लेख करणाऱ्या संकेतस्थळांची संख्या १ लाखाहून अधिक असल्याचे सांगण्यात आले.

या घटनांवर अनेक उपाय योजण्यात आले. पृष्ठातच फाइलीचा ठसा नोंदवून वेगळी फाइल आल्यास ब्राउझरने ती नाकारावी, ही पद्धत जालाच्या प्रमाणसंस्थेने जून २०१६ मध्ये मान्य केली. ज्ञात दोष असलेल्या आवृत्त्यांची सूचना देणारी सोय एनपीएममध्ये २०१८ साली आली. सर्वाधिक वापराच्या पॅकेजांच्या चालकांना दुहेरी ओळखपडताळणी २०२२ मध्ये सक्तीची करण्यात आली. नोडचे निर्माते डाल यांनी बर्लिन येथे जून २०१८ मध्ये दिलेल्या भाषणात आपल्या पश्चात्तापाच्या गोष्टींत पॅकेजांच्या या व्यवस्थेचाही समावेश केला होता.

मराठी जालपृष्ठे : या व्यवस्थेचा संबंध मराठी वाचकाशीही अप्रत्यक्षपणे येतो. दिनांक व वेळ हाताळणाऱ्या मोमेंट (२०११) या लायब्ररीत मराठी महिन्यांची व वारांची नावे देणारी स्वतंत्र फाइल आहे. वेबपॅकने गठ्ठा बांधताना मोमेंटमधील सर्व भाषांच्या फायली त्यात येत. केवळ मराठी पृष्ठ वाचणाऱ्यालाही इतर सर्व भाषांतील महिन्यांचा भार उतरवून घ्यावा लागे. ही भर टाळण्यासाठी वेगळी सूचना लिहावी लागे. सप्टेंबर २०२० मध्ये मोमेंटच्या चालकांनी तिचा विकास थांबवून केवळ देखभाल ठेवण्याचे जाहीर केले. मुंबई येथील एक टाइप या संस्थेने तयार केलेला मुक्त हा देवनागरी टंकही एनपीएमच्या नोंदवहीतून पॅकेजाच्या रूपाने मिळतो. मराठी पृष्ठाचे अक्षर नीट उमटणे, ही बाबही अशा रीतीने त्याच साखळीत ओवली गेली आहे.

मूल्यमापन : अवलंबन व्यवस्थापकांनी जालपृष्ठे रचणाऱ्यांचे कष्ट पुष्कळ वाचविले, यात शंका नाही. एकट्या आज्ञावलीकाराला वा लहान संस्थेला पूर्वी आवाक्याबाहेरची वाटणारी कामे त्यांमुळे साध्य झाली आणि दोषदुरुस्ती दूरवर पोहोचविण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु ज्या मार्गाने दुरुस्ती येते त्याच मार्गाने अपायही येतो. पूर्वीच्या हातनकलेत प्रत घेणारा निदान फाइल डोळ्यांखालून घाली. एका आदेशाने शेकडो पॅकेजे उतरू लागल्यावर तेवढेही घडेनासे झाले.

प्रमुख ब्राउझरांत २०१८ पर्यंत एका फायलीने दुसरी मागविण्याची व २०२३ पर्यंत नावावरून पत्ता ठरविण्याची सोय आल्यामुळे काही लहान पृष्ठांना आता व्यवस्थापकाची वा गठ्ठा बांधणाऱ्या साधनाची गरज पडत नाही. मोठ्या प्रकल्पांत मात्र त्यांवाचून चालत नाही. तेथे अवलंबने मोजकी ठेवणे, कुलूप-फाइल प्रकल्पाबरोबर जतन करणे, नवी आवृत्ती प्रसिद्ध होताच ती न घेता काही काळ थांबणे आणि आपण ज्यांच्या फुकट श्रमांवर विसंबतो त्या चालकांना साहाय्य करणे, असे उपाय सुचविले जातात. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे यंत्राकडे सोपविता आली. चौथ्याचे उत्तर, म्हणजे कोणावर विसंबावे हे ठरविणे, आजही फाइल बसविणाऱ्या माणसाकडेच राहिले आहे.